डीपीच्या जागी राखाडी मुंडकं

"तुमचा डीपी का नसतो हो? फेसबुकवरही दिसत नाही!" लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणि परवा तर दातांच्या डॉक्टरांकडे, तोंड उघडं असताना हा प्रश्न आला. तिथे बोलता येईना, म्हणून आता सांगतो.

लोकांना वाटतं, काहीतरी लपवायचं असणार. मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. लपवायची सवयच नाही. सामाईक गॅलरी, टोकाला संडास, आणि कोण किती वेळा गेलं याचा शेजाऱ्यांकडे चोख हिशेब. गणितातले माझे मार्क आईच्या आधी समोरच्या काकूंना कळले होते. पण काकू बघतायत हे मला दिसायचं, आणि त्यांच्याकडे कोण येतं-जातं ते आम्हीही बघायचो. फिट्टंफाट. शिवाय गणपती आले की माझे मार्क कुणाच्या लक्षातही राहिले नाहीत.

आता बघणारा दिसत नाही आणि विसरत तर मुळीच नाही. २०१४ साली व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आल्या. मी त्या बंद करून टाकल्या. तुम्ही वाचल्याचं दाखवणार नसाल, तर दुसऱ्यानं वाचलेलं तुम्हालाही दिसत नाही. चाळीचा न्याय! मला तो पटला. ग्रुपमध्ये मात्र त्या बंद होत नाहीत, म्हणून बहिणीचा फोन येतोच, "वाचलंस ना? मग बोलत का नाहीस?"

पूर्ण सुटलोय असं नाही. माझा नंबर शंभर जणांच्या फोनमध्ये आहे, आणि कुठल्याशा ॲपला ते सगळी यादी वाचू देतात. मला कोण विचारतो? खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ च्या ऑगस्टमध्ये एकमतानं सांगितलं. पण पुतण्याच्या लग्नात मी जिलबी खातानाचा फोटो कुणीतरी टाकलाच. त्याखाली माझ्या शुगरच्या डॉक्टरांचा अंगठा होता.

तरी हा हट्ट का? मागच्या डिसेंबरात एकटाच एसटीनं हर्णैला गेलो. संध्याकाळी किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. फोटो एकही नाही. घरी आल्यावर बायकोला अर्धा तास सगळं सांगत बसलो. तिनं आधी काहीच पाहिलेलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "मग मला का नाही नेलंत?"