हाताला शब्दांनी वळण लावताना

मला डिस्प्रॅक्सिया आहे, म्हणजे हातापायांत ताकद असूनही हालचालींचा मेळ बसत नाही, हे पस्तिशी उलटल्यावर कळलं, आणि तेही मनगट मोडलं म्हणून. जिन्यावरून पडून डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली. दुखऱ्या हाताची प्रगती चांगल्या हाताशी ताडून बघायची पद्धत असते, म्हणून फिजिओथेरपिस्ट बेननी (आमच्याकडे गुजरातेत बाईंना आदराने 'बेन' म्हणतात) आधी उजव्या हाताने करून दाखवायला सांगितलं: अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा, मग तळहात मांडीवर भराभर उलटा-सुलटा करायचा. त्यांनी बघितलं, पुन्हा करायला सांगितलं आणि मग विचारलं, "हा हात तर मोडलेला नाही ना? मग हा का अडखळतोय?"

"माझं पहिल्यापासून असंच आहे," मी म्हटलं. त्यावर त्यांनी कागद पुढे ओढला आणि 'पहिल्यापासून' म्हणजे कधीपासून, काय काय, हे विचारायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

बडोद्यात दांडिया बाजारात आमचं घर. मी सातव्या महिन्यात जन्मलेली. शर्टाची बटणं मला उशिरापर्यंत लावता येत नसत, बुटाची नाडी तर चौथी-पाचवीपर्यंत आई बांधून द्यायची. पाण्याचा पेला हातात आला की सांडायचा. चौकटीतून जाताना खांदा आपटायचा. रांगोळीचे ठिपके ओळीत यायचे नाहीत. घरात मी धांदरट, शाळेत वेंधळी, आणि नातेवाइकांत 'हुशार आहे हो, पण लक्ष नसतं' अशी. माझे आजोबा लहानपणी प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात जात. मेहनतीने शरीराला वळण लागतंच, यावर त्यांची श्रद्धा होती. पहाटे उठवून त्यांनी माझ्याकडून दोरीवरच्या उड्या, लेझीम, चेंडू झेलणं, सगळं मनापासून करून घेतलं. त्यांच्या मायेत तसूभर कमी नव्हतं आणि माझ्या मेहनतीतही. तरी दोरी फिरवणं आणि उडी मारणं यांची गाठ काही पडली नाही.

फिजिओ बेननी मला आधी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. हा टप्पा कुणी गाळू नये, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, बोट नाकाला आणि मग त्यांच्या बोटाला लावायला सांगितलं, टाचेला पंजा जोडत सरळ रेषेत चालायला लावलं. मग विचारलं, "हे वाढतंय का? आधी जमत होतं आणि आता जमत नाही, असं काही आहे का?" माझं उत्तर नाही असं होतं. त्यांनी समजावलं की जमत असलेली गोष्ट हातातून सुटू लागली, तर तो वेगळा आजार असू शकतो आणि त्याचा शोध ताबडतोब घ्यावा लागतो. माझं लहानपणापासून आहे तसंच होतं. स्नायूंत ताकद होती, संवेदना शाबूत होत्या, तपासण्या स्वच्छ आल्या.

तिथून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांकडे. मुलांसाठी यात प्रमाणित चाचण्या आहेत. एमएबीसी-२ ही त्यातली सर्वांत वापरातली. तीत हातांचं कौशल्य, चेंडू फेकणं-झेलणं आणि तोल असे तीन भाग असतात, पण ती सोळा वर्षांपर्यंतच चालते. मोठ्या माणसाचं निदान मुख्यतः पूर्वेतिहासावर, प्रश्नावलीवर आणि प्रत्यक्ष कामं करताना बघण्यावर होतं. म्हणून थेरपिस्ट बेननी माझ्या आईला बोलावून घेतलं. शाळेच्या जुन्या वह्या मागवल्या. आईने त्या जपून ठेवल्या होत्या. पहिल्या पानावर अक्षर बरं, तिसऱ्या पानापासून ओळ सोडून खाली घसरलेलं, हे प्रत्येक वहीत होतं. आई सांगत गेली तसा तिचा आवाज भरून आला. बेन तिला म्हणाल्या, "मासी, तुम्ही वह्या ठेवल्यात म्हणून आज हे कळतंय."

वैद्यकीय भाषेत याला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, थोडक्यात डीसीडी म्हणतात. शाळकरी वयाच्या मुलांत याचं प्रमाण ५ ते ६ टक्के मानलं जातं, म्हणजे भरलेल्या वर्गात दोन-तीन मुलं. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांत धोका जास्त. बुद्धीशी याचा संबंध नाही. हालचालीची आखणी करणं, ती होत असतानाच तिचा अंदाज घेऊन सुधारणं आणि पुढे ती आपोआप होऊ लागणं, या मेंदूतल्या कामांत अडचण असते. एकाग्रतेची अडचण, म्हणजे एडीएचडी, बरोबर असणंही नेहमीचं. आणि मोठं झाल्यावर हे आपसूक सुटतं हा समज खरा नाही. पुष्कळांत ते राहतं, माझ्यात राहिलं.

दहावीला मला येत असलेल्या उत्तरांचाही पेपर पुरा झाला नव्हता, हे मी अजून विसरलेले नाही. आता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या नोंदीखाली डिस्प्रॅक्सियाचं नाव आहे. प्रमाणपत्र असलं, तर परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मागता येतो. प्रमाणपत्रासाठीच्या चाचण्या मात्र वाचन, लेखन, गणित यांच्या असतात. ज्या मुलाची अडचण नाडी, चेंडू, सायकल एवढ्यातच दिसते, त्याच्या पालकांनी हे आधीच विचारून घ्यावं.

आता थेरपीबद्दल. मला वाटलं होतं, तोल आणि पकड यांचे व्यायाम देतील. थेरपिस्ट बेननी विचारलं, "तुला काय करता यायला हवंय? तीन गोष्टी सांग." ही कॅनडात विकसित झालेली पद्धत आहे. तिचा गाभा चार पायऱ्यांचा: ध्येय, योजना, कृती, तपासणी. जे काम शिकायचं तेच काम घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा शब्दांत मांडायचा, करून बघायचा, आणि कुठे अडलं हे स्वतःच शोधून योजना बदलायची. मी तीन गोष्टी सांगितल्या: हात न कापता भाजी चिरणं, आईसारखे उकडीचे मोदक आणि दुचाकी.

भाजीचं लवकर मार्गी लागलं. फळीखाली ओलं फडकं ठेवलं की फळी सरकत नाही. बटाट्याची आधी एक चकती काढून सपाट बाजू खाली ठेवायची, बोटांची टोकं आत वळवायची. विळी मी कायमची सोडली.

मोदकांनी मात्र माझं सगळं आयुष्यच मला समजावलं. मी आईशेजारी बसून म्हटलं, "आई, तू काय करतेस ते बोलून दाखव." आई म्हणाली, "अगं, बोलायचं काय त्यात? हे बघ, असं." आणि चार सेकंदांत पारीला मुखऱ्या पडल्या. माझं सगळं शिक्षण या 'हे बघ, असं' वरच अडलं होतं. आपल्या घरांत हातांची कामं बघून शिकायची असतात. पोळी, वेणी, निऱ्या, कुठल्याच गोष्टीचं वर्णन कुणी करत नाही, कारण ज्याच्या हाताला ती येते त्याला ती शब्दांत माहीत नसते. माझ्या बहिणीला बघून येत होतं. मला दिसत सगळं होतं, पण त्यातून माझ्या हातांना काय करायचं ते मिळत नव्हतं.

मी आईला पुन्हा विनवलं. तिने दोन मोदक मोडले, तिसऱ्याला अगदी हळू केलं आणि अडखळत सांगू लागली. "पहिलं बोट आत. अंगठा आणि मधलं बोट बाहेरून. चिमटी काढायची. मग... थांब गं, मग माझा डावा हात पारी फिरवतो." ती स्वतःच थबकली. तिलाही ते ठाऊक नव्हतं. आणि मी तर जन्मभर तिच्या उजव्या हाताकडेच बघत आले होते! दोन हात एकाच वेळी वेगवेगळं काम करतात तिथेच माझं बिनसतं, म्हणून आम्ही ते वेगळं केलं. चिमटी. थांब. फिरव. थांब. मी मोठ्याने म्हणत गेले. मुखऱ्या पाचच पडल्या, पारी जाड होती, पण मोदक वाफेत फुटला नाही. आईने तो देवापुढच्या पानात ठेवला.

दुचाकीची गोष्ट लांबली. बडोद्यात मुली अठराव्या वर्षी अॅक्टिव्हा घेऊन कॉलेजला जातात. मी कॉमर्सला जायचे ती चालत किंवा रिक्षाने, आणि नोकरीतही तेच. दादाने पूर्वी शिकवायचा प्रयत्न केला होता. मागून धावत तो ओरडायचा, "बॅलन्स कर, बॅलन्स!" तोल कसा करायचा हेच मला हवं होतं, आणि ते त्याला सांगता येत नव्हतं.

बेननी स्कूटरला हातच लावू दिला नाही. सायकलही मला येत नव्हती, तर तोल आधी तिथेच शिकायचा ठरला. एक जुनी सायकल घेतली, रावपुऱ्यातल्या सायकलवाल्याकडून पॅडल काढून घेतले, सीट इतकी खाली केली की दोन्ही पाय पूर्ण टेकतील. पहाटे पोलो ग्राउंडवर वहिनी आणि मी. वहिनी मोजकं बोलायची आणि एका वेळी एकच गोष्ट सांगायची. पायांनी ढकल. पाय उचल. झुकतेय त्याच बाजूला हँडल वळव. हे शेवटचं वाक्य मला त्याआधी कुणीच सांगितलं नव्हतं! सायकल डावीकडे झुकली की हँडल डावीकडेच किंचित वळवायचं, म्हणजे चाक परत तुमच्या खाली येतं. इतरांच्या हातांना हे आपसूक कळतं. मला वाक्य मिळालं, आणि काही आठवड्यांत पाय जास्त वेळ वर राहू लागले.

मग शेजाऱ्यांची कमी वेगाची ई-स्कूटर मिळाली. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या अशा गाडीला लायसन्स लागत नाही. माझ्यासारख्यांना मधली पायरी म्हणून ती फार उपयोगाची आहे.

अॅक्टिव्हावर खरी अडचण निघाली ती उजव्या हाताची. त्याच मुठीत अॅक्सिलेटर आणि तिथेच पुढचा ब्रेक. घाबरून मूठ आवळली की गाडी पुढे उसळायची. यावर तोडगा गाडीतच होता. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक नव्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक असतो. त्यात डावा लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. मग कामं वाटून टाकली: उजवा हात फक्त वेगाचा, डावा फक्त थांबण्याचा. थांबायचं सूत्र ठरलं: मूठ सैल, डावा दाब, डावा पाय. लर्निंग लायसन्स हातात असताना मी वसाहतीच्या गल्लीत हे मोठ्याने म्हणत गाडी चालवली आहे. पुढचा ब्रेक नंतर वेगळा शिकले, कारण अचानक थांबावं लागलं तर तोही हवाच.

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर चाचणी देता येते. मी घाई केली नाही, मुदत संपत आल्यावरच गेले. आपल्याकडे गुजरातेत चाचणी सेन्सर आणि कॅमेरे लावलेल्या ट्रॅकवर होते. नागमोडी वळणांत पहिल्यांदा पाय टेकला आणि नापास झाले. सात दिवसांनी पुन्हा जाता येतं. त्या सात दिवसांत वहिनीने ग्राउंडवर विटा मांडल्या आणि माझी योजना तपासली. मी चाकाजवळच्या विटेकडे बघत होते. नजर पुढच्या विटेच्याही पलीकडे न्यायची, एवढा एकच बदल केला. दुसऱ्या खेपेला पास झाले. दादाने तिथेच उभं राहून मला मिठी मारली.

आता मी कोठी, काळा घोडा, स्टेशन, रेल्वेखालचं गरनाळं करत अलकापुरीला ऑफिसला जाते. हा रस्ता आधी रिक्षात बसून पाठ केला: कुठे वेग कमी करायचा, कुठल्या वळणाआधी उजवीकडे बघायचं. नवा रस्ता असेल तर अजूनही रिक्षा करते. मांडवीच्या गर्दीत गाडी नेत नाही. दमलेली असले की त्या दिवशी चालवत नाही, कारण थकव्यात माझी सूत्रं आधी सुटतात. ऑफिसात साहेबांना सगळं सांगितलं आहे. फायली आणि चहाचा ट्रे माझ्याकडे येत नाही, हिशेबाचं काम येतं आणि ते मी उत्तम करते. गरब्यात दोन टाळीचा फेरा सावकाश चालीवर जमतो, दोढियुं हा गरब्याचा दुसरा प्रकार आतेबहीण मोजून शिकवते आहे.

आईला मागे बसून काळ्या घोड्यापर्यंत यायचं आहे. मागे वजन आलं की वळणावर आणि थांबताना गाडी वेगळी वागते, म्हणून बेनशी बोलून तुकडे पाडले आहेत. आधी मागच्या सीटवर तांदळाचं पोतं बांधून पोलो ग्राउंडवर सरळ रेषेत, मग विटांमधून, मग वहिनी मागे बसणार, आणि त्यानंतर आई.