व्हेनिसमधील खडूची वंशावळ

व्हेनिसला गेलेला माणूस सान मार्कोच्या चौकात रेंगाळतो. आम्हीही रेंगाळलो, परंतु २०२४ च्या सप्टेंबरातील त्या दुपारी मला जायचे होते ते जार्दिनीच्या बागेत, जिथे साठाव्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात ऑस्ट्रेलियाच्या दालनाने सर्वोत्कृष्ट राष्ट्रीय सहभागाचा सुवर्णसिंह पुरस्कार प्रथमच मिळवला होता.

कालव्याकाठच्या त्या काळ्या ग्रॅनाइटच्या इमारतीत डोळे अंधाराला सरावल्यावर शाळेच्या फळ्यासारख्या भिंतींवर आणि थेट छतापर्यंत खडूने लिहिलेली हजारो नावे दिसू लागली. कामिलरोई आणि बिगाम्बुल या आदिवासी समाजांचे क्वीन्सलँडमधील कलावंत आर्ची मूर यांनी स्वतःपासून आरंभ करून ६५,००० हून अधिक वर्षे मागे नेलेली ही वंशावळ होती. 'किथ अँड किन', म्हणजे आप्तेष्ट, हे तिचे नाव.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या घराण्याच्या सात पिढ्या सापडल्या तेव्हा मी हरखून गेलो होतो. इथे तर २,४०० पिढ्या होत्या. पण आमच्या पूर्वजांनी ती नावे स्वतः सांगून लिहवून घेतली होती. मूर यांना मात्र आपल्या आप्तांचा माग वसाहतीच्या सरकारी दप्तरातही काढावा लागला, आणि त्या दप्तराने माणसांना चिकटवलेले हिणकस शब्दही त्यांनी खोडून न टाकता नावांच्या रांगेतच ठेवले होते. मध्येच फळा कोरा राहिला होता. कत्तलींत, साथींत आणि नष्ट झालेल्या नोंदींत हरवलेल्यांची ती जागा. मी सर्वाधिक वेळ तिथेच उभा होतो.

दालनाच्या मधोमध पाण्याचे उथळ कुंड असून त्यावर पांढऱ्या कागदांचे गठ्ठे रचलेले होते. आदिवासींच्या कोठडीतील मृत्यूंविषयीच्या शाही आयोगाने १९९१ मध्ये अहवाल दिला. त्यानंतरही पोलीस कोठडीत आणि तुरुंगात जे मृत्यू झाले, त्यांच्या चौकशीचे हे अहवाल, मृतांची नावे काळ्या पट्टीने झाकलेले. देशाच्या लोकसंख्येत मूळनिवासी सुमारे ३.८ टक्के, तुरुंगांत मात्र एक तृतीयांशाहून अधिक.

गठ्ठ्यांपर्यंत हात पोहोचत नव्हता. काठाशी वाकून पाहिले, तेव्हा छतावरची नावे पाण्यात उलटी पडून त्या कागदांच्या कडेला हलत होती.