वडिलांची ठासणीची बंदूक माझ्या नावावर होताना

वडील गेल्यानंतर आमच्या घरात दोन कामे एकदमच उभी राहिली : शेतीचा वारस फेरफार आणि वडिलांच्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना. फेरफार कसा करायचा हे गावात कोणीही सांगतो, परंतु बंदुकीबाबत नीट माहिती कोणापाशीच नव्हती आणि जो तो 'जमा करून मोकळे व्हा' एवढाच सल्ला देत होता. आमचे वावर वर्धा जिल्ह्यात, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला आहे. तूर शेंगांवर आली की रानडुकरे आणि रोही (नीलगायी) रात्री धुरा, म्हणजे बांध, ओलांडून आत शिरतात, म्हणून पिके उभी असेपर्यंत जागलीला पर्याय नसतो. वडिलांनी पीकसंरक्षणासाठी घेतलेला हा परवाना आपल्या घरात टिकावा, असे मला मनापासून वाटत होते.

आमची बंदूक प्राचीन नाही. ती स्वातंत्र्यानंतर परवानाधारक कारखान्यात बनली, पण तिची घडण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची आहे. तोंडाकडून दारू आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे, निपलवर (नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळ खुंटीवर) ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीत ठिणगी पाडण्याची व्यवस्था हीच होती. फरक इतकाच की रायफलीच्या नळीत आतून पेच असतात आणि आमची नळी गुळगुळीत आहे. 'एवढ्या जुन्या चालीच्या हत्याराला परवाना कशाला?' असे मला अनेकांनी विचारले. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे हे खरे, पण दुरुस्ती करूनही ज्यातून बार उडू शकत नाही अशाच शस्त्राला ती मिळते. ज्या बंदुकीतून बार उडतो तिला परवाना लागतो, मग तिची चाल कितीही जुनी असो.

सर्वांत आधी मी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. परवानाधारक वारल्यावर शस्त्र घरात ठेवण्याचा अधिकार कोणाला आपोआप मिळत नाही. कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या ठाण्यात, किंवा ठरलेल्या अटींवर परवानाधारक विक्रेत्याकडे, ठेवावे लागते. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, नळीची लांबी, कुंद्यावरची जुनी चीर आणि घोड्याची स्थिती हे सारे मी ठाणेदारांना विनंती करून लिहून घेतले. पुढे त्याचा मोठा उपयोग झाला, कारण परवाना पुस्तिकेतील क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक एका अंकाने जुळत नाही अशी शंका एका कार्यालयाने काढली आणि प्रकरण बराच काळ एका टेबलावर पडून राहिले. मी लेखी विनंती केली, तेव्हा ठाण्यात पंचांसमक्ष नळी तेलाने स्वच्छ करून अंकांची छायाचित्रे घेण्यात आली. गंजामुळे तीनचा अंक आठसारखा दिसत होता. पंचनामा जोडल्यावर ती हरकत निघाली. तोंडी समजावून सांगण्यात माझे जे दिवस गेले, त्यापेक्षा तो एक कागद मोलाचा ठरला.

अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत करावा लागतो. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, सातबारा आणि आठ-अ, ओळखीचे व रहिवासाचे पुरावे, शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि बंदूक कुलपात ठेवण्याची हमी ही कागदपत्रे मी जोडली. या सर्वांत वेळखाऊ ठरली ती इतर वारसांची संमती. बहिणी लग्न होऊन दूर गेलेल्या, त्यांपैकी एक अमरावतीला. प्रत्येकीचे 'हरकत नाही' असे प्रतिज्ञापत्र मिळेपर्यंत अर्ज पूर्ण मानला जात नव्हता.

पोलीस चौकशीसाठी बीट जमादार घरी आले. त्यांनी बंदूक कोठे ठेवणार, घरात लहान मुले आहेत का, भाऊबंदकीत काही वाद आहे का, असे प्रश्न विचारले, पोलीस पाटलांचे म्हणणे घेतले आणि भिंतीत बसवलेली लोखंडी पेटी पाहिली. मला हे प्रश्न योग्यच वाटले. आमची जमीन थोडी आहे म्हणून परवाना मिळणार नाही, अशी भीती मात्र गावात अनेकांनी घातली होती. ती निराधार आहे : केवळ पुरेशी मालमत्ता नाही या कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ स्पष्ट सांगते. उलट कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मागितलेल्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. पोलीस अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर त्याची आणखी वाट न पाहता आदेश देण्याची मुभा परवाना प्राधिकाऱ्याला असते, हेही अर्जदाराने लक्षात ठेवावे. माझ्या स्मरणपत्रात मी त्याच तरतुदीचा आधार घेतला होता.

अखेर परवाना माझ्या नावावर झाला. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे, त्यामुळे नूतनीकरणाचे हेलपाटे कमी होतील.

आता सर्वांत महत्त्वाचे. हा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे; जनावर मारण्याचा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तेव्हापासून रानडुक्कर व रोही दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहेत. उभ्या पिकाची नासाडी करणारे जनावर मारायचे असेल, तर कलम ११ खाली वनविभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. मी अशी परवानगी मागितलेली नाही. माझ्या बंदुकीत छर्रे नसतात. नुसती दारू आणि वर चिंध्यांचा बोळा ठासून मोकळ्या दिशेला बार काढला की आवाजाने कळप उठतो. मला तेवढे पुरते. शेजारची सौर कुंपणे वाढल्यापासून अशा बाराची गरजही कमी झाली आहे.

दारू आणि टोप्या परवान्यावर नोंदलेल्या मर्यादेतच, परवानाधारक विक्रेत्याकडून, प्रत्येक वेळी नोंद करून घ्याव्या लागतात. काडतुसातली धूररहित दारू या नळीत कधीही घालू नये. ती काळ्या दारूपेक्षा कितीतरी अधिक दाब निर्माण करते आणि जुन्या चालीची नळी फुटू शकते. गजावर रिकाम्या नळीची खोली दाखवणारी खूण वडिलांनी कोरून ठेवली आहे. गज आत सोडल्यावर ती खूण वर राहिली, तर नळी भरलेली आहे असे समजायचे. टोपी पेटली पण बार उडाला नाही, तर नळीचे तोंड मोकळ्या दिशेला धरून बराच वेळ थांबायचे, कारण दारू उशिराने पेट घेऊ शकते. काळ्या दारूची राख हवेतील ओल ओढते आणि पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरते, म्हणून जागलीहून परतल्यावर झोपण्याआधी कोमट पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून तेल फिरवण्याचा वडिलांचा नेम मी तसाच चालवतो.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाची सत्तर वर्षे पूर्ण झाली किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिले, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर, त्याच्या हयातीतच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. आमच्या धुऱ्याला लागून ज्यांचे वावर आहे ते काका आता पंचाहत्तरीला आले आहेत. त्यांच्या मुलाचा अर्ज आम्ही सध्या तयार करीत आहोत आणि या वेळी त्याच्या दोन्ही बहिणींची प्रतिज्ञापत्रे सर्वांत आधी करून घेतली आहेत.