पंधराशेची पेन्शन की अकरा हजारांची नोकरी: एकट्या आईचा हिशेब

कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत एखाद्या कंपनीनं बायकांची भरती काढली की एकट्या आयांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नोकरी धरली तर संजय गांधीचे पैसे बंद होतील का?" नियमाप्रमाणे होय, बंद व्हायला हवेत. तेवढ्यावरच कित्येकजणी नोकरीचा विचार सोडून देतात. कागद-पेन घेऊन नीट हिशेब मांडला तर मात्र उत्तर वेगळं येऊ शकतं. कधी नोकरीच्या बाजूनं, कधी खरोखरच विरुद्ध.

आधी संजय गांधी निराधार अनुदान योजनेची, म्हणजे बोलण्यातल्या "पेन्शन"ची अट बघू. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता अशा बाईला दरमहा 1500 रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला 1750, दिवसाला साधारण 58 रुपये. एका घरची धुणीभांडी 1500 रुपयांना धरली तर वर्षाचे 18,000 होतात, आणि दुसरं घर धरलं की बाई अटीबाहेर जाते. शिरोळ-हातकणंगल्याच्या रानात दिवसाला 250 रुपये हजेरी धरून भांगलायला जाणारी बाई 85 दिवसांत ही मर्यादा ओलांडते. मधल्या काळात अनुदान 600 वरून 1000 आणि जुलै 2023 पासून 1500 झालं, पण 21,000 चा आकडा जिथल्या तिथं राहिला. दोन पोरं पोसणारी बाई 58 रुपयांत दिवस काढते असं तिला कागदावर लिहून द्यायला लावणं हा अन्याय आहे. तो दुरुस्त करणं सरकारचं काम आहे. आज अर्ज करणाऱ्या बाईला मात्र याच आकड्याशी गाठ घालायची आहे.

आता हिशेब. समजा, कोल्हापूर शहरातली विधवा आई, मुलं दोन, वय 9 आणि 6. तीन घरची भांडी 1200 प्रमाणे 3600 रुपये, संजय गांधीचे 1500. प्राधान्य कुटुंबाचं रेशन माणशी 5 किलो म्हणजे तिघांचं 15 किलो धान्य फुकट. बाजारात 35 रुपये किलो धरलं तर त्याचे 525. एकूण 5625. आणि खरं उत्पन्न नोंदवलं तर यातले 1500 आजच धोक्यात आहेत, कारण तीन घरचे वर्षाचे 43,200 होतात.

नोकरी फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) किंवा गारमेंट युनिटमध्ये, पगार 11,000. पूर्ण पगारावर 12 टक्के पीएफ कापला तर 1320 गेले, ईएसआयचे (कामगार विम्याचे) 0.75 टक्के म्हणजे 83 रुपये. व्यावसायिक कर बाईला 25,000 पगारापर्यंत लागत नाही, तो कापला असेल तर विचारा. हातात 9597. जाण्या-येण्याला वडाप किंवा केएमटी बसचे 800 धरा, शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणाऱ्या शेजारणीचे 1500. उरतात 7297. पेन्शन जाणार. रेशनमध्ये प्राधान्य कुटुंबाची मर्यादा शहरात 59,000 आणि ग्रामीण भागात 44,000 आहे, त्यामुळे धान्यही गेलं असं धरून चला.

7297 वजा 5625, म्हणजे 1672 रुपये जास्त. आठ तासांची पाळी आणि वर दीड-दोन तासांचा प्रवास, त्याबदल्यात महिन्याला हातात एवढेच. "पेन्शन बरी" म्हणणारी बाई आळशी नसते, तिनं हाच हिशेब मनातल्या मनात केलेला असतो.

पण या हिशेबात दोन गोष्टी धरलेल्या नाहीत. एक, पीएफ. तिचे 1320 आणि कंपनीच्या 12 टक्क्यांतले 3.67 टक्के म्हणजे 404, असे 1724 रुपये दर महिन्याला तिच्या नावावर साठतात. कंपनीचे उरलेले 8.33 टक्के पेन्शन फंडात जातात. दुसरी, ईएसआय. तिच्यासह मुलांचे उपचार यात येतात. शिवाय सहा महिन्यांच्या वर्गणी काळात 78 दिवस भरले असतील, तर पुढं आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात. हे तिच्या स्वतःच्या आजारपणासाठी. पोराला ताप आला म्हणून घरी राहिली तर तो खाडाच.

म्हणून नोकरी बघायला गेल्यावर पगाराच्या आधी विचारायचं ते हे: यूएएन नंबर (पीएफचा कायमचा नंबर) मिळणार का, ईएसआयचं कार्ड मिळणार का, पगारपत्रक मिळणार का. ठेकेदार "हातात साडेआठ, कटिंग काही नाही" म्हणाला तर तोच हिशेब परत मांडा. 8500 वजा प्रवासाचे आणि शेजारणीचे 2300 म्हणजे 6200. आधीपेक्षा 575 रुपये जास्त, पीएफ नाही, दवाखाना नाही, आणि काम कधीही बंद. अशा नोकरीसाठी पेन्शन सोडू नका, असंच आम्ही सांगू. ईएसआय 10 आणि पीएफ 20 कामगारांपासून लागू होतो. "आमच्याकडं लागू नाही" म्हणणाऱ्या शेडमध्ये माणसं किती आहेत ते मोजून या.

लाडकी बहीणची गोष्ट वेगळी. तिथंही 1500 च, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. 11,000 च्या नोकरीचे वर्षाला 1,32,000 होतात, म्हणजे या नोकरीनं लाडकी बहीण जात नाही. ज्यांना ती चालू आहे त्यांनी संजय गांधीच्या मागं लागण्यात अर्थ नाही, रक्कम तीच आणि अट कितीतरी कडक. दोन्ही एकदम घेता येत नाहीत. उलट संजय गांधी सुटली की लाडकी बहीण मिळेल, हे धरून चालू नका. 2024 मध्ये अर्ज 15 ऑक्टोबरपर्यंत घेतले होते, यादीत नाव नसेल तर हे 1500 हिशेबात घेऊ नका. केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर मागितला तेव्हा विधवा आणि घटस्फोटित बायका अडकल्या. त्यांनी मृत्यू दाखला किंवा कोर्टाचा हुकूम अंगणवाडी सेविकेकडं द्यायचा होता. दिलेल्या कागदांची एक प्रत आणि तारीख आपल्याजवळ ठेवा.

ज्या योजनेकडं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, ती बालसंगोपन. नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एक पालक असलेल्या मुलाला 18 वर्षांचं होईपर्यंत दरमहा 2250 रुपये. वरच्या उदाहरणात दोन मुलांचे 4500, म्हणजे पेन्शनच्या तिप्पट. हे पैसे मुलाच्या संगोपनाचे आहेत. आईनं कामावर जाऊ नये अशी अट यात नाही आणि 21,000 ची मर्यादाही नाही. पेन्शन वाचवण्यासाठी नोकरी नाकारणाऱ्या बाईनं आधी या अर्जाचं बघावं. केंद्राची प्रायोजकत्व योजना मुलामागं 4000 देते, पण तिथं उत्पन्न मर्यादा ग्रामीण भागात 72,000 आणि शहरात 96,000 आहे. एका मुलासाठी दोन्हींपैकी एकच घेता येते. म्हणजे 11,000 ची नोकरी धरणाऱ्या आईला बालसंगोपन, आणि दोन-तीन घरची कामं करणारीनं प्रायोजकत्वाचं आधी विचारावं.

बालसंगोपनचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात जातो, मंजुरी बालकल्याण समिती देते. कागदात आई आणि मुलांचं आधार, मृत्यू दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूम, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक, आणि राहत्या घरासमोर आई-मुलांचा एकत्र फोटो. हा फोटो मोबाईलवर घाईत काढलेला, अंधारा, दार न दिसणारा असला की अर्ज परत येतो. सकाळच्या उजेडात, दार आणि सगळ्यांचे चेहरे दिसतील असा काढा, मोठ्या आकारात छापा. शाळेतलं नाव, आधारवरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव अक्षरानं अक्षर जुळवून बघा. आईच्या आधारवर माहेरचं नाव आणि मृत्यू दाखल्यावर सासरचं असेल तर आधी तेच दुरुस्त करून घ्या, नाहीतर प्रत्येक टेबलावर तीच शंका निघते.

पैसे महिन्याच्या महिन्याला येतील असं समजू नका, काही महिन्यांचे साठून एकदम येतात. म्हणून घरभाडं, भिशी यांचा भरवसा या पैशांवर ठेवू नये. फी, वह्या-पुस्तकं, गणवेश यांसाठी ते ठेवलेले बरे. शाळा सुरू झाली की जूनमध्येच नवीन बोनाफाईड काढून नूतनीकरणाला द्या. ते न दिल्यानं हप्ता थांबतो, आणि घरी समजतं तोवर दिवाळी आलेली असते.

पैसे "आले म्हणतात पण खात्यात नाहीत" ही तक्रार फार असते. सरकारी थेट जमा (डीबीटी) रक्कम तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही, आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत ती जाते. मधे कुणी मोबाईल दुकानात किंवा बचत गटाच्या कर्जासाठी नवीन खातं उघडून आधार जोडला असेल तर पैसे तिथं पडलेले असतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघा, तिथं बँकेचं नाव दिसतं. हवी ती बँक जोडायची तर त्या शाखेत डीबीटीसाठी आधार संमतीचा फॉर्म भरून द्यायचा. नुसतं केवायसी केलं की हे होत नाही.

नवऱ्याच्या मृत्यूनंतरचे पहिले दिवस कागदांसाठी फार महत्त्वाचे असतात, आणि नेमकं तेव्हाच बाईला घराबाहेर पडू देत नाहीत. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं थांबवायचं म्हणून तो राज्यभर गाजला. त्यात कागदांचीही सोय झाली पाहिजे असं आम्हाला वाटतं. मृत्यूची नोंद 21 दिवसांत केली तर विलंब शुल्क नाही, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदम घ्या. दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल आणि कमावता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे 20,000 एकदाच मिळतात. नवरा गवंडी, सेंट्रिंगवाला होता आणि बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंदणी जिवंत होती, तर नैसर्गिक मृत्यूचे 2 लाख आणि पत्नीला वर्षाला 24,000 प्रमाणे 5 वर्षं मिळतात. नवरा पीएफ असलेल्या कंपनीत होता तर फॉर्म 20, 10डी आणि 5आयएफ असे तीन फॉर्म आहेत. बहुतेकजणी पहिला भरून फंड काढतात आणि पेन्शन-विमा तसाच राहतो.

परित्यक्तेचं अवघड आहे, तिच्याकडं दाखवायला कागदच नसतो. तिनं कसबा बावड्यातल्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जावं. बाईला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पोटगीचा अर्ज दाखल झाला की किमान "प्रकरण चालू आहे" असा कागद हातात येतो, आणि तो पुढं अनेक टेबलांवर उपयोगी पडतो.

शाळाप्रवेशाचंही वेळापत्रक हिशेबात घ्या. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के जागांसाठी दुर्बल घटकातून अर्ज केला तर उत्पन्न एक लाखाच्या आत हवं, आणि ते प्रवेशाच्या वेळी बघतात. धाकट्याचा पहिलीचा प्रवेश तोंडावर असेल तर दाखल्यावर आधीच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न येतं, तो आत्ताच काढून ठेवा. एकदा प्रवेश झाला की आठवीपर्यंत फी नाही.

बायको गेलेल्या बापाला संजय गांधीतलं विधवेचं अनुदान नाही आणि लाडकी बहीणही नाही. त्याच्या मुलांना बालसंगोपन मात्र आहे, अर्ज तोच. तो कुणी करत नाही, कारण बापांना हे कुणी सांगतच नाही.

नोकरी धरलीत तर तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत स्वतः अर्ज देऊन अनुदान थांबवा आणि पोच घ्या. आधारमुळं पीएफची नोंद आणि पेन्शनची नोंद एकमेकांशी ताडून बघणं सोपं झालंय, आणि वसुली निघाली तर ती एकरकमी निघते.

आणि यूएएन मिळाल्याच्या पहिल्या आठवड्यात ई-नॉमिनेशन, म्हणजे पीएफच्या पोर्टलवर वारस नोंद करा. एकट्या पालकाच्या दृष्टीनं पीएफच्या नोकरीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. नोकरीत असताना आई गेली आणि मागं नवराही नसेल, तर पेन्शन फंडातून दोन मुलांना प्रत्येकी दरमहा किमान 750 रुपये अनाथ पेन्शन मिळते. सलग 12 महिने नोकरी झालेली असेल तर विम्याचे किमान अडीच लाखही मिळतात. भांड्यांच्या कामात यातलं काही नाही. पोर्टलवर दोन्ही मुलांची नावं, आधार, फोटो आणि कुणाला किती टक्के ते भरायचं. मुलं अज्ञान असल्यानं पालक म्हणून कुणाचं नाव टाकायचं ते आधी ठरवा: आजी, मावशी, मामा, जो मुलांना खरोखर सांभाळेल तो. हा रकाना मोकळा सोडला तर सोडून गेलेला बापच पैशांसाठी पुढं येऊ शकतो. घटस्फोट झालेला नसेल तर कायद्याच्या दृष्टीनं तो अजून नवराच आहे आणि पेन्शनवर त्याचा हक्क आधी येतो, म्हणून कोर्टाचं काम रखडू देऊ नका. शेवटी आधारच्या ओटीपीनं ई-साईन करावं लागतं. आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडलेला असेल तर नॉमिनेशन तिथंच अडकतं आणि भरलेलं सगळं धरलं जात नाही, त्यामुळं आधी नंबर चालू आहे का ते बघा.