दहाचं नाणं आणि हट्टी अनामिका

आज विरार लोकलमध्ये चक्क विंडो सीट मिळाली, मग काय, दहाचं नाणं काढलं आणि बोटांच्या पेरांवरून फिरवत बसलो. तर्जनीवरून मधल्या बोटावर मस्त जातं, पण अनामिका काही एकटी उठत नाही, शेजारच्या बोटांशी तिचे स्नायुबंध जोडलेले ना, तिथे गाडी अडतेच. अमेरिकन जादूगारांचा लाडका हाफ डॉलर ३०.६ मिमीचा, आपलं दहाचं २७, म्हणजे पकड अजून बारीक हवी. तळहातात लपवणं तर भलतंच अवघड, अंगठ्याखालच्या मांसल भागाने नाणं दाबून धरायचं आणि बोटं मात्र एकदम सैल दिसली पाहिजेत. समोरचे काका बोरिवलीपर्यंत टक लावून बघत होते, उतरताना म्हणाले, "सुट्टे आहेत का अजून?" 😄