आमची वाटचाल: दोनशे लिटरची रेघ

निपाणीत तंबाखूच्या वखारींमागच्या बोळात वडिलांनी पत्र्याचं काम सुरू केलं. उवा-गोचिडांसाठी धनगर तेव्हा तंबाखूच्या चुऱ्याचा काढा मेंढरांना चोळायचे. तिकडे इंग्लंडात विल्यम कूपरने १८५२ मध्येच आर्सेनिक आणि गंधकाची पूड काढली होती. ती पाण्यात कालवून त्यात मेंढरू अख्खं बुडवायचं, ही पद्धत वडिलांना पटली. त्यांनी जाड पत्र्याची टाकी केली, शिवणीला रिव्हेट, वर कथलाचा डाग. बाजूला निथळायची उतरती फळी, म्हणजे लोकरीतलं औषध परत टाकीत. आत छिन्नीने ठोकलेली २०० लिटरची रेघ, पाणी तिथवर भरायचं आणि औषध त्या मापाने घालायचं. ती रेघ म्हणजे आमची अब्रू.

पहिली टाकी रायबागकडच्या एका धनगर मामांनी नेली, पैसे कातरणीनंतर द्यायच्या बोलीवर. कातरणी झाली आणि मामा स्वतः पैसे घेऊन आले.

मग मी गादीवर बसलो, आणि शेजारच्या गावातल्या एकाने आमच्या टाकीची नक्कल केली. पातळ पत्रा, उथळ तळ, किंमत निम्मी, आणि आत आमचीच रेघ, आमचाच आकडा. त्या टाकीत बुडवलेली कोकरं लाळ गाळत, थरथरत पडली. बाजारभर झालं, निपाणीच्या टाकीने मेंढरं मारली. त्या हंगामात आमची एकही टाकी गेली नाही. पत्र्याची उधारी अंगावर, दोन कारागीर घरी पाठवले.

मामांनी ऐकलं आणि त्या कळपातली टाकी बैलगाडीत घालून भर बाजारात आणली. म्हणाले, "पोरा, तुझ्या बापाची घागर आण." पंधरा लिटरची तांब्याची घागर. आठव्या घागरीलाच पाणी रेघेला लागलं. १२० लिटर! औषध मात्र २०० लिटरच्या मापाने पडलं होतं. त्यात भर दुपारी, पाणी न पाजता मेंढरं उतरवलेली. तहानेली मेंढरं ते औषधच प्यायली.

म्हणून सांगतो, मेंढरांना आधी पोटभर पाणी पाजा. कातरणीनंतर दहा-बारा दिवस थांबा, कातरीच्या जखमा भरू द्या. खरजेला एक मिनिट पूर्ण बुडवा, डोकं दोनदा खाली घाला. अंड्यांतून नवे किडे निघतात, तेव्हा दहा-चौदा दिवसांनी पुन्हा. लोकर पाण्यापेक्षा औषध जास्त ओढते, म्हणून भर घालताना नुसतं पाणी ओतू नका, डबीवर लिहिल्याप्रमाणे औषधही घाला. उरलेलं वेदगंगेत सोडू नका, मासे मरतात. आणि औषध फवारायच्या पितळी बादलीपंपाचं चामडी वायसर वापरण्याआधी रात्रभर तेलात ठेवा. प्लॅस्टिकचं वायसर बसवून पंप बिघडला की लोक माझ्याकडे येतात.

आता इंजेक्शनं आली, टाक्या क्वचित जातात. मामा गेले. त्यांची टाकी परवा मुलाने तळाला डाग मारायला आणली. रेघ अजून स्पष्ट आहे. नक्कल करणारा तो माणूस बाजारात रोज दिसतो, नमस्कार करतो. माझं माप चुकलं, एवढं एक वाक्य त्याने आजवर कुणासमोर म्हटलेलं नाही.