रीफ टँकच्या ओव्हरफ्लोची गुरगुर बंद करताना : माझा अनुभव

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, वरचं पाणी ओव्हरफ्लोमधून खालच्या सम्पमध्ये (पाणी साफ करणाऱ्या दुसऱ्या टाकीत) उतरतं आणि रिटर्न पंप ते परत वर पाठवतो. ओव्हरफ्लोच्या नळातून येणारी गुरगुर, घळघळ आणि मधूनच फ्लश केल्यासारखा येणारा आवाज, या सगळ्याचं मूळ एकच आहे. पाण्याबरोबर नळात हवाही ओढली जाते. नळाला फोम गुंडाळून, कॅबिनेटला जाड दार लावून किंवा तोंडावर स्पंज ठेवून आवाज दबतो, पण हवा तशीच राहते. स्पंज तर धोकादायकच, कारण तो तुंबला की पाणी जमिनीवर येतं. म्हणून मी आवाज दाबण्याच्या फंदात न पडता मुख्य नळातून हवाच काढून टाकायचं ठरवलं.

माझी टाकी १२० × ५० × ५० सेंमीची. कोपऱ्यात २० × १५ सेंमीचा ओव्हरफ्लो बॉक्स आणि त्याच्या तळाला दोन भोकं: एक इंची खाली उतरणाऱ्या पाण्यासाठी, पाऊण इंची रिटर्नसाठी. तयार मिळणाऱ्या बऱ्याच टाक्यांची रचना अशीच असते. एक इंची भोकावर दुर्सो पद्धतीचा उभा नळ होता, म्हणजे वर उलटा यू आणि डोक्यावर हवेसाठी छोटं भोक. रिचर्ड दुर्सो या अमेरिकन हौशी मत्स्यपालकाच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. या नळात पाणी भिंतीला धरून उतरतं आणि मधून हवा जाते. प्रवाह कमी असेल तर हे छान चालतं. एक इंची नळात ताशी हजार-बाराशे लिटरच्या आसपास मात्र पाणी मधला पोकळ भाग भरून टाकतं, क्षणभर सायफन लागतो (नळ पूर्ण भरून पाणी ओढलं जातं), बॉक्समधली पातळी झपकन उतरते, हवा शिरते, सायफन तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. फ्लशसारखा आवाज याच चक्राचा असतो. वरचं भोक लहान असेल तर हे चक्र वाढतं, मोठं केलं तर सतत फुसफुस ऐकू येते. भोकात एअरलाइनची (हवेची बारीक) नळी आणि छोटा व्हॉल्व्ह लावून हवा मोजून देता येते. ज्यांना प्लंबिंग खोलायचं नाही त्यांनी आधी एवढंच करून बघावं.

नळाला हात लावण्याआधी प्रवाह मोजायला हवा. पंपाच्या खोक्यावरचा आकडा उपयोगाचा नाही, कारण तो शून्य उंचीवरचा असतो. रिटर्नचं तोंड १० लिटरच्या बादलीत धरायचं आणि बादली किती सेकंदांत भरते ते बघायचं. ३० सेकंद म्हणजे ताशी १,२०० लिटर. सम्पमधून टाकीच्या पाण्याच्या तिप्पट ते पाचपट प्रवाह तासाला पुरतो. कोरलला लागणारी जोराची हालचाल वेव्हमेकर (टाकीतच बसवलेले, पाणी ढवळणारे छोटे पंप) देतात, रिटर्न पंपाने ते काम करायची गरज नसते. ३०० लिटरच्या टाकीला १,२०० पुष्कळ झाले. कित्येक टाक्यांमधला निम्मा आवाज पंपाचा वेग कमी केल्यावरच जातो.

दोन भोकांच्या टाकीला मी हर्बी पद्धत निवडली. एका नळातून पूर्ण भरलेला सायफन चालतो आणि त्यावर व्हॉल्व्ह असतो. दुसरा नळ उघडा, आणीबाणीचा. रिटर्नचं भोक या दुसऱ्या नळासाठी मोकळं होतं आणि रिटर्न टाकीच्या मागच्या कडेवरून आणायचा. तीन भोकं असतील तर बीनॲनिमल पद्धत अधिक सुरक्षित: एक सायफन, एक थोडं पाणी वाहणारा उघडा नळ आणि एक पूर्ण कोरडा.

कोणत्या भोकाला कोणतं काम द्यायचं? मी सायफन पाऊण इंचीवर घेतला आणि एक इंची भोक आणीबाणीला दिलं. हवा नसलेला नळ त्याच मापाच्या उघड्या नळापेक्षा कितीतरी जास्त पाणी नेतो. मीटरभर उतार असेल तर पाऊण इंची सायफन ताशी १,२०० लिटर सहज नेतो, वर व्हॉल्व्हने आवळायला जागा उरते. उघड्या नळाला मोठं तोंड हवं, कारण मुख्य नळ तुंबला तर सगळा भार त्याच्यावर येणार.

सामान आणताना मापांचा घोळ होतो, आणि आपल्याकडे तो फार होतो. ‘पाऊण इंची’ या एकाच नावाखाली तीन वेगळे नळ मिळतात. शेड्यूल ४० किंवा ८० चा यूपीव्हीसी नळ बाहेरून २६.७ मिमी असतो, शेतीच्या पाइपलाइनचा मिमीतला पीव्हीसी २५ मिमी, तर सीपीव्हीसी २२.२ मिमी. एक इंचीचं तसंच, ३३.४ आणि ३२. हा फरक नळ चिकटवायच्या सॉल्व्हंटने भरून निघत नाही. सांधा आज धरतो आणि काही आठवड्यांनी मीठ पाझरायला लागतं. म्हणून टाकीचा टँक निपल (भोकात बसणारा जोड) कोणत्या मापाचा आहे ते व्हर्नियरने मोजून, नळाचा तुकडा दुकानात नेऊन, सगळी फिटिंग एकाच पद्धतीची घ्यावी.

व्हॉल्व्ह गेट पद्धतीचा आणि पूर्ण प्लास्टिकचा हवा. हार्डवेअरच्या दुकानात मागितला की पितळेचा पुढे करतात. तो अजिबात घेऊ नये, कारण पितळेत तांबं असतं आणि खाऱ्या पाण्यात ते उतरलं की कोरल, कोळंबी, गोगलगाई जगत नाहीत. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात उघडतो-मिटतो, त्यामुळे केसाएवढ्या फरकाने पातळी खाली-वर होते. गेट व्हॉल्व्हला अनेक फेरे असतात आणि इथे कौशल्य त्या बारीक फेऱ्यातच आहे. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे जोड) लावले, म्हणजे तो साफ करायला काढता येतो.

चालू टाकीवर काम करताना क्रम महत्त्वाचा. आधी सम्पमधला हीटर बंद. पाण्याबाहेर आलेला गरम हीटर तडकतो. मग स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) बंद, कारण सम्पची पातळी वाढली की त्याचा कप उतू जातो. त्यानंतर रिटर्न पंप. वेव्हमेकर चालूच ठेवायचे. टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या कंगव्यापाशी (बॉक्सच्या वरच्या दातेरी कडेपाशी) थांबतं, माशांना काही त्रास होत नाही. बॉक्समधलं पाणी नळीने बादलीत काढून घेतलं की आत हात घालता येतो.

बॉक्सच्या आतले उभे नळ टँक निपलमध्ये नुसते घट्ट दाबून बसवले, सॉल्व्हंट लावलं नाही. ते साफ करायला, उंची बदलायला काढावे लागतात. टाकीखालचे सांधे मात्र सॉल्व्हंटने पक्के, आणि पाणी सोडण्याआधी २४ तास वाळू दिलेले. कामाच्या दिवशी ही वाट बघायला लागू नये म्हणून व्हॉल्व्हसकट खालचा सगळा भाग आधीच जोडून, वाळवून ठेवला होता. वर फक्त युनियन आवळायचा राहिला.

उंची अशी ठरवली. आणीबाणीच्या नळाचं तोंड कंगव्याच्या दातांच्या तळापेक्षा सुमारे ३ सेंमी खाली. बॉक्समधलं पाणी तिथेच राहतं, त्यामुळे दातांवरून पडणाऱ्या पाण्याला उंचीच उरत नाही आणि धबधब्याचा आवाज संपतो. हा आवाज लोक नळाचा समजतात, पण बॉक्समध्ये पाणी वीस सेंमी खाली असेल तर घरभर ऐकू येतो तो हाच. सायफनच्या नळाचं तोंड पाण्याखाली १५ सेंमी, वर मोठ्या भोकांची जाळी. तोंड फार वर घेतलं तर भोवरा होऊन हवा ओढली जाते. फार खाली नेलं तर वीज गेल्यावर बॉक्समधलं जास्त पाणी सम्पमध्ये उतरतं. आणीबाणीच्या नळावर व्हॉल्व्ह नाही, बारीक जाळीही नाही.

सम्पच्या टोकाला सायफनचा नळ पाण्यात फक्त २ ते ३ सेंमी बुडलेला हवा. पंप सुरू होताना नळातली हवा खालून बाहेर पडावी लागते. तोंड दहा-पंधरा सेंमी बुडलेलं असेल तर वरच्या पाण्याला ती हवा ढकलता येत नाही आणि सायफन लागतच नाही. आणीबाणीचा नळ मी ४५ अंशांत कापला, फक्त टोक पाण्याला टेकलेलं. थेंबाथेंबाने येणारं पाणी भिंतीवरून निःशब्द सरकतं. जास्त पाणी आलं तर मोठा आवाज होतो, आणि तो व्हायलाच हवा, कारण मुख्य नळ तुंबल्याची खबर तोच देतो.

आता ट्यूनिंग. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून पंप सुरू केला. पहिला मिनिटभर भरपूर आवाज आणि बुडबुडे, मग सायफन बॉक्समधलं पाणी जाळीपर्यंत ओढून नेतो. तिथून व्हॉल्व्ह हळूहळू आवळायचा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं थांबून पातळी बघायची. पाणी वर चढत आणीबाणीच्या तोंडाशी आलं आणि त्यात करंगळीपेक्षा बारीक धार जायला लागली की हात काढून घ्यायचा.

ही धार का ठेवायची? सायफनचा प्रवाह उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. मीटरभर उतारात बॉक्सची पातळी २ सेंमी वाढली तरी प्रवाह जेमतेम १ टक्का वाढतो. म्हणजे पंप आणि सायफन यांत थोडा जरी फरक पडला तरी सायफन स्वतः तो सांभाळू शकत नाही, पातळी चढत किंवा उतरत जाते. १,२०० लिटरचा १ टक्का म्हणजे ताशी १२ लिटर, आणि एवढ्याशा बॉक्सला ते खूप झालं. बारीक धार हा फरक पोटात घेते. धार न ठेवता अगदी नेमका तोल साधायला जाणारे रोज व्हॉल्व्ह फिरवत बसतात.

यानंतर तीन चाचण्या घेतल्या. त्या टाळून टाकी सोडून जाऊ नये.

पहिली, वीज जाण्याची. पंप बंद केला. टाकीचं क्षेत्रफळ ६,००० चौ. सेंमी, म्हणजे पातळीच्या प्रत्येक सेंमीला ६ लिटर. दोन सेंमी उतरलं तर १२ लिटर, बॉक्समधले साडेचार, नळांतलं थोडं. सुमारे १७ लिटर. ७५ × ४० सेंमीच्या सम्पमध्ये हे पाणी साधारण साडेपाच सेंमी चढतं. एवढी जागा कायम रिकामी हवी आणि कमाल पातळीची खूण मार्करने करावी. रिटर्नचं तोंड पाण्याखाली दोन सेंमीपेक्षा खोल नको, आणि पृष्ठभागाच्या जरा खाली नळाला ३ मिमीचं भोक पाडलं तर हवा शिरून उलटा सायफन तुटतो. चेक व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या) मी भिस्त ठेवत नाही. एक गोगलगाय किंवा वाळूचा कण अडकला की तो मिटत नाही.

दुसरी, वीज परत येण्याची. लोडशेडिंगच्या गावात ही सर्वांत महत्त्वाची. हात न लावता सायफन स्वतः लागला पाहिजे.

तिसरी, मुख्य नळ तुंबण्याची. व्हॉल्व्ह पूर्ण मिटवून पंप दहा मिनिटं चालू ठेवला. आणीबाणीचा नळ घळघळाट करतो, पण सगळं पाणी नेतो का आणि टाकीची पातळी कडेपासून किती खाली थांबते ते बघितलं. यापुढचा विचार दोन्ही नळ तुंबण्याचा. कंगव्यावरच्या पातळीपासून कडेपर्यंत ४ सेंमी मोकळी जागा म्हणजे २४ लिटर. सम्पच्या रिटर्न कप्प्यात पंपाला ओढता येण्याजोगं पाणी यापेक्षा कमी हवं, म्हणजे टाकी उतू जाण्याआधी पंप कोरडा पडतो. माझा कप्पा २५ × ४० सेंमी, पाणी १५ सेंमी, म्हणून १५ लिटर. इथे ऑटो टॉप-ऑफ (वाफ होऊन उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) घात करू शकतो: कप्पा रिकामा दिसला की तो गोडं पाणी ओतत राहतो. त्याला वेळेची मर्यादा असलीच पाहिजे.

नळ शांत झाल्यावर पंपाची घरघर ऐकू येते. पंप आणि पक्का नळ यांच्यामध्ये १५-२० सेंमी सिलिकॉनची नळी, पंपाखाली सिलिकॉनची चटई आणि नळ जिथे कॅबिनेटला टेकतो तिथे फोम, एवढ्याने ती बरीच कमी होते. उरलेली बहुधा इम्पेलरवर (पंपातल्या फिरत्या पात्यांवर) साचलेल्या कॅल्शियमची असते. पंप पांढऱ्या व्हिनेगर आणि पाण्याच्या समप्रमाण मिश्रणात तासभर चालवून स्वच्छ धुतला की जाते.

पंप धुतला की प्रवाह वाढतो आणि आणीबाणीची धार जाड होते, तेव्हा व्हॉल्व्ह किंचित उघडावा लागतो. एरवी धार हळूहळू जाड होऊ लागली तर व्हॉल्व्हला हात न लावता आधी जाळी काढून बघावी. तिथे शेवाळ किंवा गोगलगाय सापडते. धार आटली तर पंप घाण झालेला असतो.